कात्रीने कापलेली कव्हर्स

वॉशिंग्टन डीसी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर व्हाइट हाउस येतं, एप्रिलमधले चेरी ब्लॉसम येतात, भारतातून आलेल्या आईवडिलांना दाखवायचं लिंकन मेमोरियल येतं आणि वर्ल्ड बँकेत असलेला कुणाचा तरी मेव्हणा येतो. म्युझिक कुणालाच आठवत नाही. पण १९८० ते ८३ या चारेक वर्षांत या सरकारी, इस्त्रीच्या शर्टातल्या शहरात शाळकरी पोरांनी एक प्रकार काढला, हार्डकोर पंक, म्हणजे आधीच फास्ट असलेलं पंक रॉक आणखी दुप्पट फास्ट, गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलेलं, आणि त्या पोरांनी स्वतःच्या पैशाने छापलेल्या सात इंची रेकॉर्ड्स मी गेली बरीच वर्षं जमवतोय. बायको त्यांना "भांडणाच्या रेकॉर्डी" म्हणते. चूक नाही तिचं.

खरं तर याची सुरुवात त्या शाळकरी पोरांच्याही आधीची. बॅड ब्रेन्स म्हणून चार कृष्णवर्णीय मुलांचा बँड होता, आधी माइंड पॉवर नावाने जॅझ फ्यूजन वाजवायचे, मग पंक ऐकलं आणि वाऱ्यासारखे सुटले. जॅझ वाजवलेला हात असल्यामुळे त्यांचा स्पीड नुसता धडधडाट नव्हता, त्या वेगातही एक बीट इकडची तिकडे होत नाही. १९८० साली त्यांनी 'पे टू कम' नावाची सात इंची काढली, जेमतेम दीड मिनिटाचं गाणं. आजूबाजूच्या गोऱ्या पोरांनी हे लाइव्ह ऐकलं आणि आपण करत होतो ते काहीच नाही हे त्यांना कळलं. डीसीतल्या त्या पिढीतल्या कुणाचीही मुलाखत काढून बघा, बॅड ब्रेन्सचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

मी या सगळ्यात पडायचं काही कारण नव्हतं. डोंबिवलीत वाढलो, रंगभवनला आय-रॉक हा रॉक फेस्टिव्हल बघायला धोबीतलावपर्यंत धक्के खात जायचो, काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभं राहून शेवटी एकच कॅसेट घेऊन निघायचो. म्हणजे आवड होती, पण ती मेटलची. लांब केस, लांब सोलो. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा उद्योग असं आमच्या ग्रुपचं ठाम मत होतं. मग नोकरीमुळे मेरीलँडला आलो, रॉकव्हिलला घर घेतलं, आणि ऑफिसातला एक वयाने मोठा सहकारी, ज्याला मी तोवर फक्त एक्सेलवाला शांत माणूस म्हणून ओळखत होतो, एकदा जेवताना म्हणाला की तू ज्या रॉकव्हिल पाइकवरून रोज जातोस ना, तिथेच एका छोट्या शॉपिंग सेंटरात 'यस्टरडे अँड टुडे' नावाचं दुकान होतं, आणि ते नसतं तर डीसी पंकच्या अर्ध्या रेकॉर्ड्स निघाल्याच नसत्या.

हे दुकान स्किप ग्रॉफ नावाच्या माणसाचं, १९७७ ला सुरू झालं, २००२ ला बंद. ग्रॉफ स्वतः लिंप रेकॉर्ड्स नावाचं लेबल चालवायचा, त्यामुळे रेकॉर्ड छापायची कुठे, मास्टर करून कसं घ्यायचं, हे त्याला माहीत होतं आणि विचारायला येणाऱ्या पोरांना तो सांगायचा. त्यातली काही पोरं त्याच्याच काउंटरला कामाला होती. २०१९ ला तो गेला. मी इथे आलो तेव्हा दुकान केव्हाच बंद झालेलं. ज्या रस्त्याला मी पनीर आणि फ्रोझन पराठे आणायला जातो, त्या रस्त्यावर हे सगळं घडून गेलंय याची मला गंमत वाटली. इंग्लंड-न्यूयॉर्कचं पंक लांबचं वाटायचं, हे पोस्टल कोडमधलं निघालं.

आता त्या पहिल्या रेकॉर्डची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यात आहे. टीन आयडल्स नावाचा बँड, हायस्कूलातून नुकती बाहेर पडलेली पोरं, इयन मकाय आणि जेफ नेल्सन त्यातले. वर्षभर जेवढे शो केले त्याचे पैसे कुणी खिशात घातले नाहीत, सगळे एका डब्यात. १९८० च्या शेवटी बँड फुटला तेव्हा त्यात ६०० च्या आसपास डॉलर होते. चौघांनी वाटून घेतले असते तर पिझ्झ्यात संपले असते. त्यांनी ठरवलं की बँड तर गेला, पण रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे, तर रेकॉर्ड काढू. मग १००० कॉपी छापून घेतल्या, आठ गाणी, नाव 'मायनर डिस्टर्बन्स', लेबलला नाव दिलं डिस्कॉर्ड, आणि नंबर दिला एक. म्हणजे बघा, लेबल सुरू झालं तेच बंद पडलेल्या बँडची रेकॉर्ड काढायला! असा बिझनेस प्लॅन कुठल्याही बँकेला दाखवला असता तर दरवाजा दाखवला असता. ते लेबल आज चाळीस वर्षांहून जास्त झाली तरी चालू आहे, बँडबरोबर लेखी करार करत नाही, आणि खर्च वजा जाता जे उरेल ते बँड आणि लेबलमध्ये वाटलं जातं.

रेकॉर्ड छापून आली पण कव्हरचं काय, तर यांना छापील तयार कव्हर परवडत नव्हती. मग एका इंग्लिश सात इंचीचं कव्हर घेतलं, ते सांध्यावर सोडवून सपाट केलं, बाहेरची रेघ कागदावर उतरवली, आणि तसं डिझाइन बनवून छापखान्यात दिलं. छापून आलेले कागद घरी आणून कात्रीने कापले, दुमडले, गोंदाने चिकटवले. पहिली काही हजार कव्हर्स अशीच झालीत, मित्रमैत्रिणी जमवून, जमिनीवर बसून.

माझ्याकडे या पहिल्या रेकॉर्डची एक कॉपी आहे. कलेक्टर लोकांच्या दृष्टीने ती भंगार आहे. कव्हरची वरची कड फाटलेली, मागे कुणीतरी निळ्या बॉलपेनने स्वतःचं आडनाव टाकलंय, रेकॉर्डवर एक ओरखडा आहे तो चौथ्या गाण्यात टिक टिक करतो. एका एस्टेट सेलमध्ये मिळाली. इथे मेरीलँडच्या जुन्या वस्त्यांत म्हातारी माणसं घर विकून मुलांकडे किंवा वृद्धाश्रमात जातात तेव्हा घरातलं सगळं सामान विकायला काढतात, आणि बेसमेंटमध्ये पोराच्या शाळेच्या वेळचे खोके तसेच असतात. तो पोरगा आता साठीला आलेला, बहुधा टॅक्स अकाउंटंट. त्या घरात टेबलावर बाई बसली होती, त्या पोराची बहीण, ती म्हणाली हे सगळं माझ्या भावाचं, तो म्हणाला फेकून दे. मी तिला सांगितलं की यातल्या काही रेकॉर्ड्सना बरे पैसे येतील, तुम्ही चौकशी करा. तिने चौकशी केली आणि चांगल्या होत्या त्या ऑनलाइन विकल्या. ही फाटकी माझ्याकडे आली, तीही काही फुकट नाही.

पुढे आई उन्हाळ्यात सहा महिने राहायला आली होती तेव्हा मी ही रेकॉर्ड टेबलावर पुसत बसलो होतो, तिने चष्मा लावून कव्हर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आत बोट घालून सांधा चाचपला. म्हणाली, "हे कारखान्यात नाही रे झालेलं. हे घरी चिकटवलंय. बघ, इथे गोंद जास्त झाला म्हणून कागद फुगलाय आणि या बाजूला कात्री थांबून पुन्हा सुरू केलीय." मी बघितलं तर खरंच, डाव्या कडेला एक बारीकशी पायरी आहे, कात्री उचलून परत लावली की पडते तशी. आमच्याकडे दिवाळीला आकाशकंदील घरी व्हायचा, खळ लावून, कागदाच्या झिरमिळ्या कातरून, त्यामुळे तिची नजर थेट तिथे गेली. मग तिने विचारलं किती वयाची पोरं होती, मी म्हटलं अठराच्या आसपास. "मग बरोबर आहे," म्हणाली, आणि कव्हर खाली ठेवलं. गाणं लावू का म्हटलं तर नको म्हणाली.

मी अनेक मोठ्या कलेक्टर लोकांची लिखाणं वाचलीत. प्रेसिंग, म्हणजे छपाईची खेप, पहिलं की दुसरं, लेबलचा रंग कुठला, लेबलच्या भोवती जी गाण्याविना गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर हाताने काय कोरलंय, हे सगळं त्यात असतं आणि ते महत्त्वाचंच आहे, कारण नकली माल भरपूर आहे आणि ती कोरलेली अक्षरं तपासल्याशिवाय पैसे टाकू नयेत. पण त्या पायरीबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. मिंट कंडिशन, निअर मिंट, व्हीजी प्लस अशी जी ग्रेडिंगची उतरंड आहे तिच्यात कात्रीला मार्क नाहीत.

कव्हरवर दोन हात आहेत, एकावर एक ठेवलेले, पंजांच्या मागे काळ्या मार्करने फुल्या. त्या फुल्यांची गोष्ट अशी की टीन आयडल्स बसने कॅलिफोर्नियाला शो करायला गेले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स नावाच्या क्लबमध्ये यांना सांगितलं, तुम्ही अल्पवयीन, दारू मिळणार नाही, हातावर फुली मारतो, मग आत या. यांना आयडिया आवडली. डीसीला परत येऊन त्यांनी ९:३० क्लबवाल्यांना सांगितलं की आमच्या हातावर अशी फुली मारा पण आत सोडा, फुलीवाल्याला दारू देऊ नका, झालं. पुढे तीच फुली जगभर स्ट्रेट एजची खूण झाली, म्हणजे दारू नाही, सिगरेट नाही, ड्रग्ज नाही. त्या नावाचं गाणं इयन आणि जेफच्या पुढच्या बँडचं, मायनर थ्रेटचं, पाऊण मिनिटाचं आहे. मी पहिल्यांदा त्याचे शब्द नीट वाचले तेव्हा हसायला आलं, कारण हेच सगळं आमचे आजोबा रोज संध्याकाळी परवचा झाला की सांगायचे, फक्त मागे गिटार नव्हती. आपल्या मध्यमवर्गीय घरातला निर्व्यसनी मुलगा इतका बंडखोर ठरू शकतो हे मला मेरीलँडला येऊन कळलं.

ते हात कुणाचे, तर इयनचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक मकाय याचे. डिस्कॉर्डची तीन नंबरची रेकॉर्ड, मायनर थ्रेटची पहिली, तिच्यावर पायऱ्यांवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला टकलू पोरगा आहे, तोही अ‍ॅलेकच. आणि आठ नंबरवर फेथ नावाच्या बँडमध्ये जो गातोय तोही अ‍ॅलेक. एका पोराचे हात, डोकं आणि आवाज वेगवेगळ्या नंबरांवर विखुरलेत. दोन्ही फोटो एकाच मैत्रिणीने काढलेले. दोन नंबरची रेकॉर्ड एसओए नावाच्या बँडची, त्यात गाणारा हेन्री गारफिल्ड हा इयनचा लहानपणापासूनचा दोस्त, जॉर्जटाउनमधल्या आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर होता, १९८१ ला ब्लॅक फ्लॅग या बँडमध्ये गेला आणि हेन्री रोलिन्स या नावाने गाजला. इयनची बहीण अमांडा हिनेही पुढे स्वतःचं लेबल काढलं. म्हणजे हे सगळं मूळात एका मोहल्ल्यातलं, एकमेकांच्या घरी जेवणाऱ्या लोकांचं काम आहे, त्यातले बरेच एकाच सरकारी हायस्कूलचे, ज्याचं नाव तेव्हा विल्सन होतं आणि आता जॅक्सन-रीड आहे. लोकल सीनच्या रेकॉर्ड्स जमवण्यात मजा आहे ती ही. बीटल्सच्या रेकॉर्ड्स जमवल्या तर तुमच्याकडे रेकॉर्ड्स जमतात. यांच्या जमवल्या की हळूहळू एक वस्ती जमते, कोण कुणाच्या बँडमधून कुठे गेला, कुणी फोटो काढले, कुणाच्या आईवडिलांच्या घरचा पत्ता मागे छापलाय.

किमतीचं बोलायलाच पाहिजे. डिस्कॉर्डच्या सुरुवातीच्या सात इंचींच्या मूळ प्रेसिंगना शेकडो डॉलर पडतात, चांगल्या कंडिशनमधल्या काहींना हजाराच्या वर. आणि ही कुणाची रेकॉर्ड, तर ज्यांनी पुढे फुगाझी नावाचा बँड काढल्यावर तिकीट शक्यतो ५ डॉलरच्या वर जाऊ दिलं नाही, प्रत्येक शोला सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश ठेवला, आणि दुकानदाराने जास्त लावू नये म्हणून रेकॉर्डच्या मागेच पोस्टखर्चासकट किंमत छापली. अशा लोकांची रेकॉर्ड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, फायरप्रूफ कपाटात ठेवणं हा विनोदच आहे. गाणी ऐकायची तर या पैशाची काहीच गरज नाही हेही सांगतो, डिस्कॉर्डच्या पहिल्या सहाही सात इंची एका एलपीवर, एका सीडीवर मिळतात, लेबलने जवळजवळ सगळा जुना माल छापत ठेवलाय, आणि स्वस्त ठेवलाय. त्यामुळे "दुर्मीळ म्हणून घेतो, नाहीतर गाणी हरवतील" ही जी आपल्याकडच्या जुन्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएम जमवणाऱ्यांची रास्त सबब आहे, ती मला लागू नाही. त्यांनी जमवलं नसतं तर खरोखर गेलं असतं. इथे गाणी सुरक्षित आहेत. मी जमवतो ते कागद, गोंद आणि बॉलपेन.

म्हणून मी आता मिंट कॉपीच्या मागे जातच नाही. परवडतही नाहीत, पण परवडल्या तरी नकोत. न उघडलेली, न वाजवलेली हार्डकोरची रेकॉर्ड म्हणजे ज्याने ती घेतली त्याला ती आवडलीच नाही. एका रेकॉर्ड फेअरमध्ये एकाशी माझा यावरून वाद झाला, त्याच्याकडे एका अतिशय गाजलेल्या रेकॉर्डच्या चार रंगांच्या कव्हरचे चारही नमुने होते, लाल, निळं, पिवळं, हिरवं, सगळे कडक. मी विचारलं यातलं कुठलं ऐकतोस, तो म्हणाला मी स्पॉटिफायवर ऐकतो. त्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्याच्यामुळे ती कव्हर्स अजून शंभर वर्षं टिकतील, माझी टिकणार नाहीत.

जागा मात्र टिकल्या नाहीत. ९:३० क्लब एफ स्ट्रीटवरून १९९६ ला व्ही स्ट्रीटला गेला, जुन्या पत्त्याची ९३० ही संख्या फक्त नावात उरली. डी.सी. स्पेस ही शोची दुसरी जागा १९९१ ला बंद झाली, तिथे पुढे स्टारबक्स आलं. लान्सबर्ग नावाच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत २३ सप्टेंबर १९८३ ला मायनर थ्रेटचा शेवटचा शो झाला, सोबत ट्रबल फंक होते, म्हणजे डीसीचं स्वतःचं जे काळ्या वस्त्यांतलं गो-गो संगीत त्याचा बँड आणि हार्डकोर एकाच स्टेजवर, आज तिथे महागडे फ्लॅट आहेत. आणि इनर इअर स्टुडिओ, जिथे डॉन झियेन्टाराने आधी स्वतःच्या आर्लिंग्टनच्या घराच्या बेसमेंटमध्ये ही सगळी पोरं रेकॉर्ड केली, पुढे मोठ्या जागेत गेला, ती जागा काउंटीने घेतली आणि २०२१ ला स्टुडिओ तिथून उठला. मी तेव्हा गाडी घेऊन एक चक्कर मारून आलो. बाहेरून बघण्यासारखं काही नव्हतं, गोडाऊनच्या रांगेतलं एक दार.

मधल्या काळात नाइकीने २००५ ला स्केटबोर्डिंगच्या टूरसाठी त्याच पायऱ्यांवरच्या टकलूचं कव्हर पोस्टरवर जसंच्या तसं उचललं, पायात त्यांचे बूट घातले आणि वर 'मेजर थ्रेट' लिहिलं. बोंबाबोंब झाली, माफी मागावी लागली, पोस्टर मागे घेतलं. आता गंमत अशी की ते पोस्टरसुद्धा लोक जमवतात! मी नाही. कुठेतरी थांबायला हवं.

डाउनटाउनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लायब्ररी आहे, मीस व्हॅन डर रोहने डिझाइन केलेली काळी काचेची इमारत, तिथे २०१४ पासून डीसी पंक आर्काइव्ह आहे. फ्लायर, झेरॉक्सवर काढलेली फॅनझिन्स, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, कॅसेटी, रेकॉर्ड्स, सगळं लोकांनी आपापल्या बेसमेंटमधून आणून दिलेलं, आणि कुणीही जाऊन मागून बघू शकतं. सरकारी लायब्ररी अशा गोष्टीसाठी जागा, माणूस आणि आम्लमुक्त खोके देते याचं मला अजून नवल वाटतं, आपल्याकडे नाटकांचे जुने हँडबिल कुठे गेले ते विचारा. माझ्याकडे सात इंचींच्या आत घडी घालून ठेवलेले काही फ्लायर निघाले होते, कुणी तिकिटाऐवजी ठेवले असतील, ते मी देऊन टाकणार आहे. रेकॉर्ड्स इतक्यात नाही. मुलगी म्हणते, "बाबा, तू गेल्यावर मी विकणार हां", मी म्हटलं वीक, पण पेनने नाव असलेल्या आधी काढ, त्यांना गिऱ्हाइक लवकर मिळत नाही.

सध्या मी आठ नंबरच्या मागे आहे, फेथ आणि व्हॉइड यांची १९८२ ची एलपी, एका बाजूला एक बँड, दुसऱ्या बाजूला दुसरा. फेथची बाजू नीटनेटकी आहे. व्हॉइडची बाजू म्हणजे चार माणसं वेगवेगळ्या दिशांना पळताहेत आणि तरी एकत्र पडताहेत. हे व्हॉइडवाले डीसीचे नाहीतच, कोलंबिया नावाच्या मेरीलँडमधल्या आखीवरेखीव टाउनशिपचे, जिथे तळी, सायकल ट्रॅक आणि सोसायट्यांना आणि रस्त्यांना कविता-कादंबऱ्यांतून उचललेली नावं आहेत, आणि जिथे आज आपली मराठी माणसं भरपूर राहतात, गणपतीला मी स्वतः तिथे दोन घरी जातो. त्यातल्या एकाच्या शेजारी जुनं अमेरिकन जोडपं आहे, ते घर विकायला काढताहेत असं कळलंय. मित्राला सांगून ठेवलंय की बेसमेंटमधला सेल लागला की सकाळी सातला फोन कर, मी पोहे खाऊन येत नाही, तुझ्याकडेच खाईन.